एका क्वाडपुरती जागा

इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर वर्सोव्याच्या फ्लॅटमध्ये चालतील का, हा प्रश्न गेले तीन-चार विकांत माझ्या डोक्यात घोळतोय. हापिसात शेजारी बसणाऱ्या मित्राकडे उत्तर तयार होतं: "लहान घर, लहान स्पीकर. त्यात विचार कसला करायचाय?" ऐकायला बरोबर वाटतं. पण ह्या स्पीकरांचा इतिहास वाचायला घेतला आणि लक्षात आलं की गोष्ट इतकी सरळ नाही. ही वस्तू सभागृहासाठी जन्मलेलीच नाही. तिच्या सगळ्यात प्रसिद्ध कंपनीच्या नावातच 'घरगुती' हा शब्द आहे. मग आमच्या घरात ती अडते कुठे?

आधी वस्तू काय आहे ते सांगतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल. नेहमीच्या स्पीकरमध्ये कागदाचा किंवा प्लास्टिकचा शंकू असतो, त्याच्या बुडाशी तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि मागे लोहचुंबक. तारेतून गाण्याचा प्रवाह गेला की वेटोळं पुढेमागे हलतं आणि शंकूला ढकलतं. इलेक्ट्रोस्टॅटिकमध्ये वेटोळं नाही, शंकू नाही, खोकंसुद्धा नाही. दोन भोकाभोकाच्या जाळ्या समोरासमोर, आणि त्यांच्यामध्ये केसापेक्षा पातळ असा प्लास्टिकचा पापुद्रा ताणून बसवलेला. पापुद्र्यावर काही हजार व्होल्टचा विद्युतभार असतो. जाळ्यांवर गाण्याचा सिग्नल सोडला की एक जाळी पापुद्र्याला ओढते आणि दुसरी ढकलते. शंकूला एका टोकाला धक्का बसतो आणि मग उरलेला शंकू त्याच्यामागे जातो. इथे सगळा पापुद्रा एकाच क्षणी हलतो, आणि त्याचं वजन जवळजवळ समोरच्या हवेइतकंच. म्हणून ह्यावर तंबोऱ्याची जवारी ऐकलेले लोक नंतर काही दिवस जरा चमत्कारिक वागतात. (मी ऐकलीय. घरच्यांना विचारा.)

ही कल्पना नवी अजिबात नाही. उलट बाजूने पाहिलं तर हा कंडेन्सर मायक्रोफोनच आहे, आणि तो ई. सी. वेंट ह्यांनी अमेरिकेत १९१७ साली प्रसिद्ध केला. स्टुडिओत गायकासमोर जो माइक लावतात तो बहुतेक वेळा ह्याच जातीचा. म्हणजे आवाज पकडणाऱ्या टोकाला ताणलेला भारित पापुद्रा, आणि आवाज सोडणाऱ्या टोकालाही तोच. मला ही जुळणी फार आवडते. एनकोड जसं केलं तसंच डीकोड.

स्पीकर म्हणून त्याचा पहिला मोठा प्रयोग झाला बर्लिनमध्ये. ट्राय-एर्गोन नावाच्या मंडळींनी, म्हणजे हान्स फोग्ट, यो एंगल आणि योसेफ मासोले ह्या तिघांनी, १७ सप्टेंबर १९२२ रोजी अल्हाम्ब्रा थिएटरात लोकांना बोलपट दाखवला. आपल्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागायच्या साडेआठ वर्षं आधी. फोग्टनी त्यासाठी इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर बनवले होते. पण थिएटर भरून टाकायचं म्हणजे भरपूर हवा हलवावी लागते, आणि ह्या पापुद्र्याला दोन जाळ्यांच्या मधल्या चिंचोळ्या फटीतच काय ती हालचाल करता येते. जास्त हलला तर जाळीला चिकटणार. मोठा आवाज आणि खर्ज ह्या दोन्हींसाठी क्षेत्रफळ वाढवत न्यायचं, एवढाच उपाय.

१९२५ साली जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग ह्यांनी वेटोळं-शंकूवाल्या स्पीकरचा निबंध प्रसिद्ध केला. आज आपल्या टीव्हीत, गाडीत, मोबाइलमध्ये जे काही वाजतं ते बहुतेक सगळं त्या निबंधाचं गोत्र. गंमत म्हणजे केलॉगना दुसरी वाटही माहीत होती. १९३४ साली त्यांना इलेक्ट्रोस्टॅटिक रचनेचं पेटंट मिळालं. पण बाजार तोवर ठरून गेला होता. २३ जुलै १९२७ ला मुंबईचं रेडिओ केंद्र सुरू झालं, मग बोलपट आले, आणि ह्या सगळ्यांना हवा होता दणकट, स्वस्त, कुठल्याही हवामानात वाजणारा स्पीकर. शंकूने तो दिला.

इलेक्ट्रोस्टॅटिक मागे पडला त्याला आणखी एक कारण होतं: तसा पापुद्राच मिळत नव्हता. पातळ, हलका, ताण सहन करणारा, ओलावा न पिणारा आणि वर्षानुवर्षं न सैलावणारा. १९४१ साली मँचेस्टरच्या कॅलिको प्रिंटर्सकडे काम करणाऱ्या व्हिनफील्ड आणि डिक्सन ह्यांनी एक पॉलिएस्टर शोधून काढला. त्याचा धागा केला तेव्हा टेरिलीन झालं, म्हणजे आपल्या आजोबांच्या त्या न चुरगळणाऱ्या शर्टांचं कापड. त्याचाच पातळ पापुद्रा केला तेव्हा मायलार आणि मेलिनेक्स झालं. आजच्या बहुतेक इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरांत हाच पापुद्रा असतो. हे स्पीकर आवाजाच्या शोधांइतकेच कापडाच्या शोधांचेही देणेकरी आहेत. आणि मुंबईकराला हे सांगायला मला विशेष मजा येतेय.

आता मुख्य माणूस. पीटर वॉकर. १९३६ मध्ये लंडनला ह्यांनी अकॉस्टिकल मॅन्युफॅक्चरिंग कंपनी काढली. बॉम्बहल्ल्यानंतर १९४१ मध्ये ती हंटिंग्डन ह्या छोट्या गावी हलली. त्यांच्या मालाचं नाव पडलं क्वाड, आणि हे नाव चार शब्दांची आद्याक्षरं जुळवून केलेलं: क्वालिटी युनिट ॲम्प्लिफायर डोमेस्टिक. शेवटचा शब्द पाहा. वॉकर आणि त्यांचे साथीदार डी. टी. एन. विल्यमसन (१९४७ च्या गाजलेल्या विल्यमसन ॲम्प्लिफायरचे तेच) ह्यांनी जुन्या रचनेतला एक महत्त्वाचा दोष काढला. पापुद्र्यावर ठरावीक व्होल्टेज ठेवलं तर तो एका जाळीजवळ सरकताच ओढ वाढते आणि आवाज बिघडतो. पण पापुद्र्यावरचा विद्युतभारच जागच्या जागी गोठवून ठेवला, म्हणजे तो इतक्या मोठ्या रोधातून पुरवला की एका कंपनाच्या वेळात त्याला हलायला सवडच मिळू नये, तर ओढ फक्त सिग्नलवर अवलंबून राहते. पापुद्रा कुठेही असो. वॉकरनी हे सगळं १९५५ साली 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात लेखमाला लिहून उघडपणे मांडलं. पेटंट लपवून बसण्याच्या काळात ही ओपन सोर्स वृत्तीच म्हणायची.

१९५७ साली क्वाड ईएसएल बाजारात आला. दिसायला थेट खोली गरम करायचा हीटर. ब्रॉंझ रंगाची वळलेली जाळी, खाली बुटके लाकडी पाय. रुंदी साधारण ८८ सेंटिमीटर, उंची ७९. मधल्या पट्टीवर दीड हजार व्होल्ट, कडेच्या दोन खर्जाच्या पॅनलांवर सहा हजार. त्याला चालवायला पंधरा वॉटचा ॲम्प्लिफायर पुरे. फार मोठा वाजत नाही, ढोल-ताशाला मुळीच योग्य नाही, पण माणसाच्या गळ्यासाठी आजही त्याचं नाव काढतात.

त्या साली बाजारातल्या तबकड्या मोनो होत्या. स्टिरिओ तबकड्या आल्या १९५८ मध्ये. म्हणजे ईएसएल ज्या दिवाणखान्याची कल्पना करून बनवला गेला, त्यात तो एकटाच उभा राहणार होता. जोडी नव्हे. स्टिरिओ आलं आणि एका वर्षात प्रत्येक घराला दोन 'हीटर' लागू लागले. हा मुद्दा लक्षात ठेवा, मी परत येणार आहे त्याच्याकडे.

लहान घरांचा प्रश्न बाकीच्यांनी वेगळ्या रीतीने सोडवला. १९५४ साली अमेरिकेत एडगर विल्चर ह्यांनी एआर-१ आणला. पूर्ण बंद खोकं, आतली हवाच स्प्रिंगसारखी वापरलेली. त्यामुळे कपाटाएवढ्या स्पीकरचा खर्ज पुस्तकाच्या फळीवर मावायला लागला. बुकशेल्फ स्पीकर हा शब्द तिथून रुळला. (खालचे स्वर विल्चरच्या बंद खोक्यातून आणि वरचे स्वर आर्थर जान्सझेनच्या इलेक्ट्रोस्टॅटिक ट्वीटरमधून, अशी जोडणी त्या काळात लोक करायचे. दोन्ही पंथ एका घरात.) बीबीसीची कथा आणखी मजेदार. वाद्यवृंदाच्या स्टुडिओचा ध्वनी तपासायला त्यांनी स्टुडिओची एक-अष्टमांश आकाराची प्रतिकृती बांधली, आणि त्या बाहुलीघरात वाजवायला छोटा स्पीकर लागला. त्यातूनच सत्तरच्या दशकात एलएस३/५ए हा स्पीकर घडला, बाहेरून प्रक्षेपण करणाऱ्या गाडीत बसून ऐकण्यासाठी. जेमतेम ३० सेंटिमीटर उंच. गाडी म्हणजे वर्सोव्याच्या बेडरूमपेक्षाही लहान जागा, तेव्हा आपल्यासाठी ह्याहून नेमकी वस्तू नाही, असं मित्राचं म्हणणं. त्याच्या घरी ह्याच घराण्यातली नवी जोडी आहे. चांगली वाजते, नाही म्हणत नाही.

जपानमध्ये स्टॅक्स कंपनीने १९६० च्या सुमारास तिसरी वाट काढली: इलेक्ट्रोस्टॅटिक पापुद्रा सरळ कानावर. एसआर-१ नावाचा हेडफोन. ते त्याला हेडफोन न म्हणता इअरस्पीकर म्हणतात. जागेचा प्रश्न तिथेच मिटला. आवाज तोच, भिंती नाहीत, शेजारी नाहीत. मग घेऊन टाक की तो, असं तुम्ही म्हणाल. थांबा जरा.

आता आमच्या हॉलकडे. दहा बाय सोळा फूट. वर्सोव्याच्या मानाने अगदीच काही वाईट नाही. इलेक्ट्रोस्टॅटिकला मागे खोकं नसल्यामुळे जेवढा आवाज पुढे तेवढाच मागे, फक्त उलटा. पुढे हवा दाबली जाते तेव्हा मागे ताणली जाते. मागचा आवाज भिंतीवर आपटून परत येतो आणि पुढच्यात मिसळतो. कुठल्या स्वराला तो खाऊन टाकेल हे साध्या गणिताने काढता येतं. पॅनल भिंतीपासून एक फुटावर ठेवलं तर परतीची वाट दोन फुटांची. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर. हिशेब केला की ५७० हर्ट्झच्या आसपास पहिला खड्डा पडतो, म्हणजे गळ्याच्या ऐन रस्त्यावर. त्याखालचा खर्ज तर वेगळाच पातळ होतो, कारण उलटा आवाज लगेच परत येऊन सुलट्याला मारतो. हेच पॅनल एक मीटर पुढे ओढलं तर पहिला खड्डा १७० हर्ट्झवर जातो. त्याच्या पटीत पुढेही खड्डे पडत राहतात, पण आता परतलेला आवाज सहा मिलिसेकंद उशिरा येतो. एवढ्या उशिराला कान गायकीचा रंग बदलला असं न समजता खोली मोठी आहे असं समजू लागतो. म्हणून जाणकार एक मीटरचा आग्रह धरतात. खोलीच्या लांबीरुंदीचं त्यात विशेष काही नाही. मागचा तो एक मीटर हवा.

दहा फुटांची भिंत गुणिले एक मीटर म्हणजे तेहतीस चौरस फूट. कार्पेट. २०१६ च्या रेरा कायद्यानंतर बिल्डरला सुपर बिल्टअपची भाषा सोडून कार्पेटमध्ये बोलावं लागतं, तेव्हा आपणही खरंच बोलू. वर्सोव्याच्या भावाने ह्या तेहतीस चौरस फुटांची किंमत वापरलेल्या क्वाडच्या जोडीपेक्षा जास्तच भरेल. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची असते, आणि त्यात आठ-आठ दहा-दहा माणसांची कुटुंबं राहिली. तिचा पाचवा हिस्सा मी निव्वळ परतणाऱ्या लहरींसाठी मोकळा ठेवणार. घरात हे मोठ्याने बोलायची माझी तरी टाप नाही.

दुसऱ्या बाजूला ह्या रचनेचा एक मोठा फायदाही आहे आणि तो फ्लॅटवाल्यांना कुणी सांगत नाही. पुढचा आणि मागचा आवाज पॅनलच्या कडेच्या दिशेला एकमेकांना मारतो, त्यामुळे दोन्ही बाजूंना, वर आणि खाली आवाज खूपच कमी जातो. खोक्याचा स्पीकर खर्ज सगळीकडे सांडतो. भिंतीतून शेजाऱ्याकडे पोचतो तो मुख्यतः खर्जच. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ती कोण मोजतं हा भाग वेगळा. वरच्या मजल्यावरच्या आजींचं मोजमाप नियमांपेक्षा कडक आहे. तिथे इलेक्ट्रोस्टॅटिक खरोखर सोयीचा.

पण वर्सोवा म्हणजे नुसता फ्लॅट नाही, वर्सोवा म्हणजे हवा. जेट्टीकडून येणारा वारा बोंबलाचा वास आणतो तसं मीठही आणतो. इथे खिडकीचे गज सोलतात, फ्रिज खालून गंजतो, एसीच्या बाहेरच्या युनिटची जाळी कुजून हातात येते. पावसाळ्यात आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर बसून राहते. आणि ह्या स्पीकरची सगळी करामत आहे विद्युतभार जागच्या जागी ठेवण्यात. पापुद्र्याला होणारा पुरवठा अतिशय क्षीण असतो. एक डायोड आणि कपॅसिटरची शिडी असते, कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन ह्यांनी १९३२ साली अणुगर्भ फोडायला वापरली त्याच जातीची, आणि ती सहा हजार व्होल्ट देत असली तरी प्रवाह नाममात्र. कडेच्या इन्सुलेशनवर धूळ बसली, धुळीने दमट हवेतलं पाणी आणि मीठ धरलं, की भाराला गळून जायला पायवाट मिळते. मग स्पीकर मंद वाजतो, मध्येच फुसफुसतो, कधी आत ठिणगी उडते आणि पापुद्र्याला भोक पडतं. वर भारित वस्तू धूळ ओढून घेतेच. प्लास्टिकचा कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलायचा शाळेतला प्रयोग आठवा. इथे तो अखंड चालू. आणि जुलैत वाळायला टाकलेले कपडे कुठे असतात आमच्याकडे? हॉलमध्येच, दोरीवर, पंख्याखाली.

ह्यावर उतारे आहेत. वाजवायचं नसेल तेव्हा प्लग काढायचा, वर कापड घालायचं, दमट दिवसांत एसी किंवा हवा कोरडी करणारं यंत्र लावायचं. आणि जून ते सप्टेंबर सरळ चातुर्मास पाळायचा. कांदा-लसणाबरोबर क्वाडही बंद. मला हे जमण्यासारखं वाटतं. शिडीचे डायोड-कपॅसिटर लॅमिंग्टन रोडला (म्हणजे डॉ. भडकमकर मार्गाला, पण तसं म्हणतं कोण) मिळतील. पापुद्रा फाटला तर मात्र काम अवघड. जुनी पॅनल नव्याने बांधून देणारे कारागीर युरोपात आहेत, पण ८८ सेंटिमीटरची नाजूक वस्तू पाठवायची आणि परत आणायची म्हणजे भाडंच सोन्याचं. आणि हो, हे घरी उघडून पाहायचं काम नाही. प्लग काढल्यावरही आत भार शिल्लक असतो.

तर एक मीटर जागा आणि खारी हवा, ह्या दोन अडचणी. दोन्हींवर काही ना काही करता येतं. मला खरी अडचण तिसरीच वाटते, आणि ती समजायला वॉकरच्या पुढच्या स्पीकरकडे जावं लागतं.

१९५७ च्या ईएसएलची जोडी लावली तर उंच स्वर अरुंद झोतासारखे सरळ पुढे जातात. दोन्ही झोत जिथे मिळतात तिथे एक खुर्ची. त्या खुर्चीत बसलं तर गायिका समोर, तबला किंचित उजवीकडे, सगळं जागच्या जागी. डोकं वीतभर हललं की चित्र विस्कटलं. शेजारी सोफ्यावर बसलेल्याला तर निम्मंच गाणं. वॉकरना हे माहीत होतं. १९६३ मध्ये त्यांनी नव्या रचनेवर काम सुरू केलं आणि तो स्पीकर, ईएसएल-६३, विकायला आला १९८१ मध्ये. अठरा वर्षं! (आमच्याकडे दोन आठवड्यांचा स्प्रिंट चुकला तर मीटिंग लागते.) त्यात जाळीचे एकात एक गोल कडे केले आणि सिग्नल मधल्या कड्यापासून बाहेर थोडा थोडा उशिरा नेला, म्हणजे पाण्यात खडा टाकल्यावर तरंग पसरावेत तसा आवाज पसरेल, जणू पॅनलच्या फूटभर मागे एक बिंदूच वाजतोय. फरक मोठा पडला. तरीही जोडीची उत्तम जागा एकच राहिली. अमेरिकेच्या मार्टिनलोगनने ऐंशीच्या दशकात पॅनलच वळवून घेतलं आणि खाली खर्जासाठी साधं खोकं जोडलं. तेही बरं. पण माणसाच्या उंचीचं.

आमचा हॉल एका खुर्चीचा नाही. तिथे आई संध्याकाळी भाजी निवडते, मुलगी जमिनीवर पसरून अभ्यास करते, बायको लॅपटॉप घेऊन कॉलवर असते आणि कुणीतरी सतत बाल्कनीत जात-येत असतं. स्पीकरची जोडी एक मीटर पुढे ओढून, त्यांच्यासमोर खुर्ची टाकून मी बसलो तर हॉल माझा एकट्याचा होतो. स्टॅक्स लावून बसलो तर मी हॉलमध्येच नसतो. दोन्हींत गाणं उत्तम, पण दोन्हींत ते फक्त माझं.

आपल्याकडे गाणं असं ऐकलं गेलेलं नाही. गिरगाव-दादरच्या घरांतून खासगी बैठका व्हायच्या त्या काही महालांत नव्हे. सतरंजी घालून, फर्निचर आतल्या खोलीत ढकलून, पंचवीस-तीस माणसं गुडघ्याला गुडघा लावून. माइक नाही. गायक चार हातांवर, कोपऱ्यातल्याला तिरका दिसतो, दाराशी उभ्या असलेल्याला पाठमोरा, आणि कुणीही तक्रार करत नाही की मला स्टिरिओ इमेज मिळाली नाही. एक गळा, एका जागेवरून, सगळ्यांना. ध्वनीच्या भाषेत ह्याला काय म्हणायचं? मोनो.

म्हणून तो १९५७ चा मुद्दा. माझ्याकडे जे ऐकण्यासारखं आहे त्याची यादी काढली: अब्दुल करीम खाँ (गेले १९३७ मध्ये), बालगंधर्व, हिराबाई, केसरबाई. केरीच्या केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानातून सूर्यमालेबाहेर निघाली, तीसुद्धा मोनो. ह्यांपैकी काही तबकड्यांवर नंतर कृत्रिम स्टिरिओचं कलम केलेलं आहे, ते काढून टाकलेलंच बरं. आणि खऱ्या स्टिरिओ ध्वनिमुद्रणांचं डावं-उजवं एकत्र करणं संगणकाला एका ओळीचं काम. मग जोडी घ्यायचीच कशाला?

एकच पॅनल, कोपऱ्यात तिरकं. कोपऱ्यापासून त्याच्या मध्यापर्यंत एक मीटर ठेवलं तर मागे जो त्रिकोण अडतो तो बरोबर एक चौरस मीटरचा, म्हणजे अकराएक चौरस फूट. तेहतीसच्या जागी अकरा. त्या त्रिकोणात पुस्तकांची उभी मांडणी बसते, आणि वेड्यावाकड्या आकाराची पुस्तकं परतणाऱ्या लहरी एकसंध येऊ न देता विखुरतात. ते बरंच. उंच स्वरांचा झोत राहीलच, त्याच्या अगदी बाहेर बसणाऱ्याला आवाज जरा मऊ लागेल. पण दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये बसायची अट गेली. भाजी निवडणाऱ्यालाही केसरबाई पूर्ण ऐकू येणार. वजन साधारण सोळा-सतरा किलो, पाहुणे आले की एकट्याने उचलून भिंतीला लावता येईल.

सगळ्यांना हे पटेल असं नाही. सिनेमे पाहायचे असतील, रॉक ऐकायचं असेल किंवा खिडकी उघडली की समोर थेट समुद्र असेल, तर मित्राचं म्हणणं बरोबर आहे, चांगले छोटे खोकेवाले घ्या आणि सुखी राहा. आमची इमारत यारी रोडच्या आतल्या बाजूला आहे आणि घरात रॉकचं प्रमाण कमी.

पुण्यात एकाकडे १९६० च्या दशकातला क्वाड विकायला आहे, असं कळलंय. पुण्याची हवा कोरडी, म्हणजे पॅनल बऱ्या अवस्थेत असण्याची शक्यता वर्सोव्यापेक्षा जास्त. फोन केला. गृहस्थ सत्तरीच्या पुढचे, आवाज खणखणीत. सगळं ऐकून घेतलं, मोनोचा युक्तिवादही ऐकला, आणि म्हणाले, "जोडी आहे. फोडून देणार नाही." आता दुसऱ्यासाठी मुलुंडच्या एका मित्राला गाठलंय. त्याचा हॉल आमच्यापेक्षा दोन फुटांनी मोठा आहे आणि तिथे समुद्र नाही. पुढच्या शनिवारी दोघं गाडी घेऊन जातोय, बरोबर दोन जुन्या गोधड्या आणि केसरबाई.